काटा हलला नाही

आमच्या घरी संध्याकाळच्या जेवणाआधी प्रार्थना व्हायची, आणि ती साखळीनं व्हायची. सतरंजीवर गोल करून बसायचं, सगळ्यात लहान असेल त्यानं सुरुवात करायची, मग वयाप्रमाणे एकेकानं आपापल्या शब्दांत देवाशी बोलायचं. शेवटी बाबा सगळ्यांचं बोलणं एकत्र बांधून देवापुढे ठेवत आणि "आमेन" म्हणत. त्यांच्याआधी आमेन कोणी म्हणायचं नाही हा घरचा कायदा होता. मार्थाआत्या खरं तर बाबांची मोठी बहीण, पण शेवटचा मान तिनं आपण होऊन भावाला दिला होता. माझा धाकटा भाऊ शमू आपली प्रार्थना चार शब्दांत उरकायचा आणि एक डोळा उघडा ठेवून स्वयंपाकघराकडे बघायचा, कारण पातोडीच्या रश्श्याचा वास तोवर सतरंजीपर्यंत पोचलेला असे. बाबा एरवी अस्सल नागपुरी बोलत, पण डोळे मिटले की त्यांची भाषा एकदम छापील होई. "हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू महान आहेस आणि आम्ही तुझ्या हाती आहोत," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. आई आम्हाला हळूच म्हणायची, "देवासमोर बसले की तुमचे बाबा पुण्याचे होतात."

मी घाबरट मुलगी होते. नुसती घाबरट नाही, घाबरण्यात हुशार होते. स्टोव्हचा भडका, विहिरीचा कठडा, बाबांच्या सायकलला मागून येणारा ट्रक, आईला साधा ताप, या सगळ्यांचा शेवट काय होईल ते मला आधीच दिसायचं, आणि माझी प्रार्थना म्हणजे या सगळ्यांची हजेरी असायची. हा गुण आईकडून आलेला. ती झोपायच्या आधी कडी लावायची, परत येऊन कडी बघायची, आणि अंथरुणावर पडल्यावर मला विचारायची, "करुणा, कडी लावली ना गं मी?" ती मूळची वर्ध्याच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, म्हणून तिचं बोलणं आमच्यापेक्षा जरा वेगळं. बाबांना या काळज्यांचं हसू यायचं. "काळजी जड असते तं तिले ठेवाले जागाबी मजबूत पाहिजे," ते म्हणायचे. "सायकलच्या कॅरियरवर कोणी ट्रक ठेवते का? देव मोठा आहे. त्याच्यावर ठेव आन झोप."

हे ट्रकचं त्यांच्या तोंडी सारखं यायचं, कारण ते कळमन्याच्या रस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर कामाला होते. जमिनीत खड्डा, त्यावर लोखंडाचा भला मोठा पाट, त्या पाटावर आख्खा ट्रक येऊन उभा राहायचा. बाजूच्या खोलीत भिंतीवर घड्याळासारखी गोल तबकडी होती, तिचा लांब काटा वजन दाखवायचा. संत्र्यांचे ट्रक, तुरीचे ट्रक, आणि थंडी सरता सरता भिवापूरच्या मिरचीचे. ट्रक चढला की पाट जरासा कण्हायचा आणि गप्प व्हायचा. मला ते फार आवडायचं. सुट्टीच्या एका दिवशी बाबा मला आपल्यासोबत घेऊन गेले होते, तेव्हा मी हट्ट धरला की माझंही वजन करा. बाबा हसत खोलीत गेले. मी त्या लोखंडाच्या मधोमध, फ्रॉक सावरून, अगदी ताठ उभी राहिले. खिडकीतून तबकडी दिसत होती. काटा शून्यावर होता आणि शून्यावरच राहिला. मी एकदा उडी मारली, तरी तो हलला नाही. ट्रक ड्रायव्हर हसले, बाबाही हसले, आणि मला त्यांनी उसाचा रस पाजला.

तो रस मला गोड लागला नाही. घरी येईपर्यंत एक विचार डोक्यात घर करून बसला होता. देव धरमकाट्यासारखा मोठा असेल, तर माझ्यासारखीचं त्याला काय कळणार? राजे, देश, युद्धं, असले ट्रक त्याच्यावर चढत असतील तेव्हा त्याचा काटा हलत असेल. मी उडी मारली तरी तो शून्यावरच. बाबांना ज्या गोष्टीनं निवांत झोप लागायची, नेमक्या त्याच गोष्टीची मला धास्ती बसली. रविवारी चर्चमध्ये मंडळीत देवाच्या थोरवीची गीतं सुरू झाली, बाबा आणि चर्चची घंटा वाजवणारे दौलतमामा आपल्या खर्जात छत हलवायला लागले, की मी पुस्तकात तोंड घालून बसायचे. हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला, आमच्या घरात देव मोठा आहे हे वाक्य मिठासारखं रोज वापरात होतं.

मी दहावीच्या उंबरठ्यावर होते त्या वर्षी मिरची जोरात आली. त्या दिवसांत बाबा घरात शिरले की सगळं घर शिंकायचं. त्यांचा शर्ट आई अंगणातच काढायला लावायची, तरी साखळी प्रार्थनेत निम्म्या शिंका आणि निम्मे शब्द असायचे, आणि शमूला हसू आवरायचं नाही. बाबांना खोकला झाला. दरवर्षीच व्हायचा. मिरचीचा खोकला मिरचीबरोबर जातो, असं आम्ही धरून चाललो होतो. मिरचीचे ट्रक संपले, उन्हाळा लागला, आईनं कूलरला नवं गवत लावून घेतलं, पण बाबांचा आवाज काही परतला नाही. आधी बसका झाला, मग फाटका, आणि एका रविवारी खर्जात दौलतमामा एकटेच उरले. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि गाठ आहे म्हणाले. ती काढून तपासावी लागेल, काढताना आवाज जाऊ शकतो, आणि तपासणीत काय निघेल ते आज सांगता येणार नाही. आईनं हे आम्हाला सांगितलं नाही. आत्याला सांगताना मी ऐकलं, आणि त्यानंतर मला जेवताना घास गिळायची भीती वाटायला लागली.

बाबांनी बजावलं होतं, मंडळीत कोणाला कळू द्यायचं नाही. पण आमच्या लोकांत गोष्ट दाबून ठेवणं फार कठीण. गप्पा मारणं पाप आहे, प्रार्थनेची विनंती करणं मात्र पुण्याचं काम. आईनं महिला संघातल्या एका बाईला "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हो" म्हणून सांगितलं. त्या बाईनं फक्त प्रार्थनेसाठी दोघींना सांगितलं, आणि रविवार उजाडेपर्यंत गाठीचा आकारसुद्धा सगळ्यांना पाठ झाला होता. (आता तेच काम मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप करतो, आणि हात जोडल्याच्या चित्रांखाली बातमी कुठल्या कुठे पोचते.) त्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी बाबांचं नाव घेऊन भली लांब प्रार्थना केली. पाळकसाहेब मनानं फार चांगले, पण शब्दांचा त्यांना मोह. "तुझ्या या विश्वासू दासानं आपली धाव पुरी करत आणली आहे" इथपर्यंत ते आले, तेव्हा बाबा माझ्या कानाशी वाकून फाटक्या आवाजात म्हणाले, "मले आजच पोचवून देते का हा बावा?" मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. आईनं दोघांकडे रागानं पाहिलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी आईनं सकाळीच गोळाभात केला. बाबांना आवडतो म्हणून केला, पण त्यांना तो गिळता येईना, म्हणून गोळे कुस्करून कढीत कालवून दिले. बाहेर रिक्षा उभी होती. आई पिशवीत चादर, तांब्या, पवित्र शास्त्र कोंबत होती, काढत होती, परत कोंबत होती. बाबा चपला घालायला पायरीवर बसले आणि मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आता नाही विचारलं तर कधी, असं झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी लहान असताना काट्यावर उभी राहिली होती ना, तेव्हा काटा हललाच नव्हता."

"हाव, आठवते ना. उड्या मारून राहिली होती तू."

"मंग देव एवढा मोठा आहे, तं त्याले आपण आहो हे समजते तरी का?"

ते चपलेचा पट्टा लावायचे थांबले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, आपण त्यांना भलत्या दिवशी भलतं विचारलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. बाबांच्या डोळ्यांत भीती मी त्याआधी पाहिली नव्हती. मग त्यांनी घसा खाकरला, बोलायला गेले, नुसती हवा आली. परत खाकरले. "येतो ना मी, मंग सांगतो," एवढंच म्हणाले आणि उठले. रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी मी पायरीवरच होते. त्यांना उत्तर येत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. आई आणि पाळकसाहेब दवाखान्यात होते. घरी आत्या, मी आणि शमू. आमचं घर चर्चच्या आवाराला लागूनच, मध्ये एक भिंत आणि कडुनिंब. ऊन सकाळीच चढलं होतं, तरी आत्यानं कूलर बंद केला. कूलरच्या घरघरीत फाटकाचा आवाज ऐकू येत नाही. ती कणीक मळायला बसली आणि मळतच राहिली. शमू दारात गोट्या घेऊन बसला होता, खेळत नव्हता. बाहेर सायकल गेली की आम्ही तिघंही मान वर करायचो.

आणि घंटा वाजली.

आमच्या चर्चच्या घंटेचे दोनच आवाज होते, आणि ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. रविवारी दौलतमामा दोर धरून झोके घ्यायचे आणि ती भराभर, एकात एक मिसळून वाजायची. आठवड्याच्या मधल्या दिवशी ती वाजायची ती एकाच कारणानं. एक ठोका. मग थांबून, तो विरू देऊन, दुसरा. मंडळीतलं कोणीतरी गेलं.

सोमवार होता. एक ठोका पडला. मी आत्याकडे पाहिलं. तिचे हात कणकेत तसेच होते. दुसरा ठोका पडला तेव्हा समोरच्या मेश्रामकाकू पदर डोक्यावर घेत रस्ता ओलांडून आल्या. त्या बौद्ध, पण इतकी वर्षं आमच्या घंटेच्या शेजारी राहिलेल्या. फाटकातच थांबून त्या म्हणाल्या, "काय झालं वं करुणा? कोण गेलं?" मी पुढच्या ठोक्याकडे कान लावून उभी होते. शमू म्हणाला, "आत्या, ही बाबांची घंटा आहे का?"

आत्या उठली नाही. तिनं कणकेचे हात पदराला पुसले, जी गोष्ट तिनं जन्मात कधी केली नव्हती, आणि म्हणाली, "बसा दोघं. इथंच बसा. मेश्रामबाई, तुम्हीबी बसा." सतरंजीसुद्धा अंथरली नाही. गार फरशीवर आम्ही बसलो आणि तिनं शमूला खूण केली. शमू म्हणाला, "देवा, बाबांना आण." मग माझी पाळी आली. मला प्रार्थनेची भाषा येत होती. रविवारच्या शब्बाथ शाळेत मी बक्षिसं मिळवली होती. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. डोळ्यांपुढे ती तबकडी होती आणि शून्यावरचा काटा. घंटेचा आणखी एक ठोका पडला, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "देवा, तुले समजून तं राहिलं ना?"

घरच्या भाषेत मी देवाशी पहिल्यांदा बोलले ते असं. आत्या रागावेल असं वाटलं. तिनं डोळे उघडले नाहीत, नुसता माझा हात धरला, अजून कणीक चिकटलेल्या हातानं. मग ती बोलली, फार थोडं. तू मोठा आहेस, माझा भाऊ तुझ्या हातात आहे, जिथं असेल तिथं. एवढं बोलून गप्प झाली. आम्ही वाट बघत होतो. बाबा नसले की शेवट तिनंच करायचा असे. शमूनं डोळा उघडून विचारलं, "आमेन म्हण ना, आत्या."

"नाही म्हणत," ती म्हणाली. "आमेन तुह्या बापानं म्हणायचं आहे. मी त्याच्या अगोदर म्हणत नाही. जा करुणा, पाहून ये."

मी अनवाणी पळाले. तापलेल्या वाळूनं पाय पोळत होते. भिंतीला वळसा घालून फाटकातून आत शिरले तर दारापाशी चपलांचा ढीग होता आणि आत मंडळी गुडघ्यांवर बसलेली. शवपेटी नव्हती, फुलं नव्हती. दौलतमामा दोर धरून उभे होते, त्यांचे डोळे सुजलेले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय झालं वं? काहून अशी पळत आली?" ते म्हणाले.

"घंटा," मी म्हटलं. "बाबा..."

त्यांना एकदम उमगलं आणि त्यांनी दोर असा सोडला जसा काही तो भाजला. "अवं माय! नाही वं पोरी, नाही! पाळकसाहेब सांगून गेले होते, आपरेशनच्या टायमाले घंटा वाजव, मंडळी प्रार्थनेले जमन. आता मी कशी वाजवू? तुह्या बापाच्या घशाले सुरी लागून राहिली आन मी रविवारसारखी आनंदानं झोके घेऊ? माह्या हातानं होईच ना. हळूहळू वाजवली." आणि हा थोराड माणूस, ज्याच्या खर्जानं खिडक्या थरथरायच्या, तिथंच पायरीवर बसून रडायला लागला. मला त्यांचा इतका राग आला होता की मारावंसं वाटत होतं, आणि इतकं हायसं वाटलं होतं की त्यांच्या शेजारीच बसले. आत्यानं मात्र त्यांना पुढे कित्येक नाताळ माफ केलं नाही. करंज्यांचं ताट त्यांच्यापुढे ठेवताना ती दरवेळी म्हणायची, "घ्या. खा. आन घंटेले हात नोका लावू."

बाबा त्या टेबलावरून उठले. पण आमची काळजी त्या दिवशी संपली नाही. तुकडा तपासायला गेला होता, आणि तो निकाल येईपर्यंतचे दिवस मला घंटेपेक्षाही वाईट वाटले. रोज संध्याकाळी आम्ही बसायचो, साखळी सुरू व्हायची, आत्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. आमेन नाही. आत्या उठून ताटं वाढायला लागायची. तोंडात घास घेतानासुद्धा प्रार्थना चालूच आहे असं वाटायचं, दार उघडं टाकून झोपल्यासारखं. मला ते सोसवत नव्हतं. एकदा मी आत्याला म्हटलंही, की म्हणून टाक ना. ती म्हणाली, "उघडं राहू दे. देवाले काही घाई नाही." मी आजही विचार करते, तिला स्वतःला तेव्हा किती भीती वाटत असेल. ती विधवा बाई, हा एकच भाऊ.

निकाल आला. गाठ साधी निघाली. आईनं ते दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकलं आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "परत एकदा विचारून या," कडी दोनदा बघावी तशी. बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून आणि डॉक्टरांची सक्त ताकीद घेऊन, एक शब्दही बोलायचा नाही. त्या संध्याकाळी सतरंजी अंथरली. शमू बोलला, मी बोलले, आई रडली, आत्या बोलली, आणि पाळी बाबांवर आली. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले, आवाज नव्हता. आम्ही कोणीच डोळे मिटले नव्हते, सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो. मला ते ओठ वाचता येत होते. तू महान आहेस, आणि आम्ही तुझ्या हाती आहोत. सगळं नेहमीचंच, फक्त या वेळी त्यांना पायरीवर चपला घालताना वाटलेली भीती मला माहीत होती, आणि ती भीती असूनही हेच शब्द तिथं होते. ओठ थांबले. आत्या म्हणाली, "आता म्हणा सगळे," आणि आम्ही इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की मेश्रामकाकू खिडकीत आल्या.

बाबांचा खर्ज गेला तो गेलाच. पुढे जे काही परत आलं ती एक खरखर होती, दोन हातांवरच्या माणसाला ऐकू येईल एवढी. पावसाळा सरल्यावर ते कामावर जायला लागले. डबा विसरले म्हणून एके दिवशी मी तो घेऊन गेले. ट्रक नव्हता, दुपारची सुस्ती होती. ते खोलीतून बाहेर आले, डबा खाली ठेवला आणि मला म्हणाले, "ये. उभी राह्य." मला वाटलं गंमत करतात. मी आता मोठी झाले होते, लाज वाटली. पण त्यांनी हात धरून मला त्या लोखंडाच्या मधोमध नेलं आणि स्वतःही शेजारी उभे राहिले. खिडकीतून तबकडी दिसत होती.

आज माझे केस पिकले आहेत. मुलगा बुटीबोरीला नोकरीला आहे, त्याला घरी यायला उशीर झाला की मी फोनवर फोन करते, आणि त्यानं उचलला नाही की माझ्या कानात सोमवारची घंटा वाजायला लागते. घाबरट ती घाबरटच राहिले. पण भीती आली की मी मनातल्या मनात त्या पाटावर जाऊन उभी राहते, आणि बाबांची ती खरखर ऐकते.

"त्या दिवशी विचारलं होतं ना तू," ते म्हणाले. "तवा मलेच भेव वाटून राहिलं होतं, म्हणून सांगता नाही आलं. तिथं टेबलावर झोपलो ना, तवा आठवलं." ते दम घ्यायला थांबले. मग खिडकीतल्या तबकडीकडे त्यांनी बोट केलं. काटा शून्यावर होता.

"नाही हालला," ते म्हणाले. "पण तू पडली का वं?"

मी खाली पाहिलं. पायाखाली लोखंड होतं. मी मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात मागून तुरीचा ट्रक हॉर्न मारायला लागला, आणि आम्हाला उतरावं लागलं.